अब्रूचे तारण : कर्जवसुलीतील दहशत आणि कर्जदाराची दाद

न्यायालयाचा हुकूमनामा हाती असलेल्या बेलिफालाही जंगम मालाच्या जप्तीसाठी कर्जदाराच्या राहत्या घरात सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी पाऊल टाकता येत नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 62 तसे बजावते, आणि त्याच संहितेचे कलम 60 जप्तीतून काय वगळावे हे इतक्या बारकाईने सांगते की कुटुंबाचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचारानुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, बैल आणि बियाणे या कशालाही धनकोला हात लावता येत नाही. निव्वळ पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, असे कलम 56 सांगते. आणि ज्याची फेडण्याची खरोखरच ऐपत नाही अशा पुरुषालाही केवळ कर्ज थकले म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात दिला.

याच कर्जदाराकडे कोर्टाची पायरीही न चढलेला वसुली एजंट येतो तेव्हा मात्र चित्र उलटे होते. त्याला भांड्याकुंड्यांत रस नसतो. त्याचा फोन कर्जदाराच्या साहेबाला जातो, सासरी जातो, ज्याचे नाव अर्जावर केवळ ओळखीचा म्हणून लिहिले होते त्या शेजाऱ्याला जातो. तो इमारतीच्या दाराशी उभा राहून वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात थकलेल्या हप्त्याचा आकडा सांगतो. विनातारण कर्जात ना जमीन गहाण असते ना सोने; अशा कर्जाचे खरे तारण कर्जदाराची चारचौघांतली पत असते, आणि वसुलीवाला जप्ती आणतो ती तिच्यावर. मालमत्तेच्या जप्तीला शतकभरापूर्वी मर्यादा घालणारा कायदा अब्रूच्या या जप्तीपुढे दुबळा का पडतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सुप्याचा दंगा आणि त्यानंतर

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि ते लोण पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील गावोगावी पसरले. या उठावात जमावाने मुख्यतः मागितले ते कर्जरोखे, आणि हाती लागले तेथे ते जाळले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले होते, जमीनमहसुलाची फेरआकारणी वाढीव झाली होती, आणि 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातल्यावर सावकारांनी तीन वर्षे भरत आली की मुद्दल-व्याज एक करून नवा रोखा लिहून घेण्याची वहिवाट पाडली होती. ऋणकोच्या रक्षणासाठी केलेला कायदा अंमलबजावणीत धनकोच्याच उपयोगी कसा पडतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

दंग्याच्या चौकशीनंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने एक मूलगामी गोष्ट केली : रोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता, व्यवहार मुळात कसा सुरू झाला आणि प्रत्यक्ष किती रक्कम हाती पडली हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला, आणि शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करणे बंद झाले. दामदुपटीचा जुना दंडक, म्हणजे एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये हा नियम, मुंबई इलाख्यातील न्यायालये मानत होतीच. त्याच परंपरेतील महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 मध्ये अमलात आला. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्यास त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण कर्जावर 12 टक्के, तर इतरांना अनुक्रमे 15 आणि 18 टक्के अशी व्याजाची कमाल मर्यादा शासनाने त्याच वर्षी ठरवून दिली. आणि सावकाराने बळकावलेली जमीन चौकशीअंती परत देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाला मिळाला. गावोगावी ‘महिना दहा टक्क्यांनी’ चालणारे व्यवहार, कोरे धनादेश आणि कोऱ्या मुद्रांकावरच्या सह्या यांमुळे या कायद्याच्या अंमलबजावणीची मर्यादा रोज दिसते. तरीही त्यातील एक तरतूद लक्षात ठेवण्याजोगी आहे : वसुलीसाठी ऋणकोला धमकावणे, त्याच्या पाठोपाठ सतत फिरणे, त्याच्या घराजवळ वा कामाच्या जागी घुटमळत राहणे हा या कायद्यानुसार ‘छळ’ ठरतो आणि तो शिक्षापात्र गुन्हा आहे.

हीच कृत्ये बँकेच्या किंवा बिगर-बँक वित्त कंपनीच्या, म्हणजे बोलीत ज्यांना नुसते ‘फायनान्सवाले’ म्हणतात त्यांच्या, एजंटाने केली तर हा कायदा लागू होत नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये नेडुंपिल्ली फायनान्स खटल्यात केरळ व गुजरातच्या कायद्यांबाबत स्पष्ट केले. एका संस्थेवर दोन नियामकांची हुकमत नको, हे त्यामागचे कारण तर्काला धरून आहे. परंतु त्याचा परिणाम असा की जे वर्तन सावकाराच्या बाबतीत गुन्हा आहे, तेच कंपनीच्या बाबतीत प्रथमतः एका परिपत्रकाचा भंग ठरते.

वसुलीची यंत्रणा

हप्ता चुकला की खाते दिवसांच्या हिशेबाने ‘बकेट’मध्ये पडते : तीस दिवसांपर्यंतची थकबाकी पहिल्या बकेटमध्ये, साठपर्यंतची दुसऱ्या, नव्वदपर्यंतची तिसऱ्या. नव्वद दिवस उलटले की ते अनुत्पादक कर्ज ठरते आणि कर्ज देणाऱ्या संस्थेला आपल्या नफ्यातून त्यासाठी तरतूद करावी लागते. त्यामुळे महिनाअखेरीस खाते पुढच्या बकेटमध्ये घसरू न देण्यावर सारा भर असतो. आरंभी कंपनीच्याच दूरध्वनी केंद्रातून आठवण दिली जाते. पुढे काम वसुली एजन्सीकडे जाते, एजन्सी ते अनेकदा पोटकंत्राटदाराला देते, आणि दारात येणाऱ्या तरुणाची कमाई बहुतांशी वसूल रकमेवरच्या कमिशनवर ठरते. साखळीची प्रत्येक कडी मूळ संस्थेला घटनेपासून एक पाऊल दूर नेते, आणि तक्रार झाली की ‘तो आमचा माणूस नाही’ हे उत्तर देणे तेवढेच सोपे होते.

या व्यवहारामागे एक रोकडे अर्थकारण आहे. घर वा मोठी मालमत्ता तारण असेल तर बँकेला 2002 च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात न जाता ताबा घेण्याची कार्यवाही करता येते. 20 लाखांपुढील कर्जासाठी कर्जवसुली न्यायाधिकरण आहे. महाराष्ट्रातील पतसंस्थांना सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाचा वसुली दाखला मिळतो. परंतु तीस हजारांच्या विनातारण कर्जासाठी दिवाणी दावा लावायचा तर वकिलाचा खर्च आणि वर्षांचा विलंब मिळून मूळ रक्कमच गिळली जाते. छोट्या कर्जासाठी स्वस्त आणि जलद असा कायदेशीर मार्ग नाही, म्हणून धाक हाच स्वस्त मार्ग ठरतो. कर्ज बुडवण्याच्या इराद्यानेच घेणारेही असतात आणि वसुली थांबली तर पुढच्या गरजूला कर्ज मिळणे अवघड होते, हा धनकोंचा युक्तिवाद खोटा नाही. मात्र त्यातून सिद्ध होते ती चांगल्या न्यायव्यवस्थेची गरज, दहशतीची नव्हे.

कर्जाच्या प्रकारागणिक या धाकाचे रूप बदलते. वाहनकर्जात गाडी मालकाच्या ताब्यात राहते, पण ती नजरगहाण असते आणि तशी नोंद नोंदणी पुस्तकात होते. हप्ते थकले की ती रस्त्यातच अडवून ‘ओढून’ नेली जाते. वस्तुतः नोटिशीची मुदत, ताब्याची पद्धत आणि विक्रीपूर्वी कर्जदाराला द्यायची अखेरची संधी या गोष्टी करारातच लिहिलेल्या असाव्यात, अशी रिझर्व्ह बँकेची अट आहे. सूक्ष्म वित्तात, म्हणजे महिलांच्या गटांना दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांत, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या जणींना बैठकीतून उठू न देण्याची रीत असल्याने एजंटाचे काम शेजारणीच करतात. आंध्र प्रदेशात ऑक्टोबर 2010 मध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला तो अशाच वसुलीच्या पार्श्वभूमीवर. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये शेजारच्या कर्नाटकाने सूक्ष्म कर्जांच्या सक्तीच्या वसुलीविरुद्ध दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला वटहुकूम काढला. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या संस्था त्याच्याही कक्षेबाहेर ठेवाव्या लागल्या.

कर्जाच्या बेकायदा ॲपांनी ही पद्धत टोकाला नेली. समजा, पाच हजारांचे कर्ज मंजूर झाले, ‘प्रक्रिया शुल्क’ कापून साडेतीन हजार खात्यात आले आणि सात दिवसांनी पाच हजार परत करायचे आहेत. तर आठवड्याचा आकार सुमारे 43 टक्के पडतो. ॲप उतरवून घेताना फोनमधील संपर्कयादी आणि छायाचित्रे वाचण्याची परवानगी घेतलेली असते, आणि वसुलीच्या वेळी त्या यादीतील प्रत्येकाला बदनामीचे संदेश व विकृत केलेली छायाचित्रे धाडली जातात. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला 2021 च्या पहिल्या दोन महिन्यांत भारतीय अँड्रॉइड वापरकर्त्यांसाठी उपलब्ध असलेली सुमारे 1,100 कर्ज-ॲप आढळली आणि त्यांपैकी 600 बेकायदा होती. जानेवारी 2020 ते मार्च 2021 या काळात रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या तक्रार-संकेतस्थळावर डिजिटल कर्जांबाबत आलेल्या सुमारे 2,562 तक्रारींत सर्वाधिक महाराष्ट्रातील होत्या.

नियमांची कमतरता नाही

एवढ्यावरून या क्षेत्राला नियमच नाहीत असा समज होऊ नये. अवेळी वारंवार त्रास देणे आणि वसुलीसाठी बळाचा वापर करणे बँकांनी टाळावे, असे रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेत 2003 पासून नमूद आहे. फेब्रुवारी 2007 मध्ये प्रकाश कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बँकेची कानउघाडणी करताना, वसुली आणि वाहनांचा ताबा कायदेशीर मार्गानेच झाला पाहिजे, त्यासाठी गुंड नेमता येणार नाहीत, असे बजावले. 24 एप्रिल 2008 च्या परिपत्रकाने एजंटाची पूर्वतपासणी व त्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले, त्याचे नाव कर्जदाराला आगाऊ कळवणे बंधनकारक केले, आणि कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना ते प्रकरण सर्वसाधारणपणे एजंटाकडे सोपवू नये असे सांगितले. 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाने सकाळी 8 पूर्वी आणि सायंकाळी 7 नंतर थकबाकीसाठी फोन करण्यास, चारचौघांत अपमान करण्यास, तसेच नातेवाईक, मित्र वा संदर्भ म्हणून नाव दिलेल्या व्यक्तींच्या खासगीपणात घुसण्यास मनाई केली. सूक्ष्म वित्तात ही वेळ सकाळी 9 ते सायंकाळी 6 अशी आणखी आवळलेली असून, वसुली परस्परसंमतीने ठरलेल्या ठिकाणी व्हावी आणि तेथे कर्जदार लागोपाठ दोनदा आली नाही तरच घरी जावे, असा दंडक आहे. 2 सप्टेंबर 2022 च्या डिजिटल कर्जविषयक मार्गदर्शक सूचनांनी ॲपला संपर्कयादी, फाइली आणि कॉलच्या नोंदी वाचण्यास बंदी केली.

एजंटाच्या कृत्याची जबाबदारी नेमणाऱ्या संस्थेचीच, हे तत्त्वही या साऱ्या आदेशांत निःसंदिग्ध आहे. सप्टेंबर 2022 मध्ये झारखंडमधील हजारीबाग येथे ट्रॅक्टरच्या वसुलीदरम्यान एका गर्भवती तरुणीचा मृत्यू झाला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने मुंबईस्थित महिंद्रा ॲण्ड महिंद्रा फायनान्शियल सर्व्हिसेस या कंपनीला बाहेरच्या एजंटांमार्फत वसुली करण्यास मनाई केली. ती जानेवारी 2023 मध्ये उठवली. त्याआधी जानेवारी 2021 मध्ये, एजंटांकडून होणारा छळ रोखण्यात कसूर केल्याबद्दल पुण्याच्या बजाज फायनान्स कंपनीला अडीच कोटी रुपयांचा दंड झाला होता. यावरून नियामक कारवाई करतो हे खरे. मात्र अशा कारवाईचे स्वरूप नीट पाहावे लागते. दंडाच्या प्रसिद्धिपत्रकातच लिहिलेले असते की ही कारवाई नियमपालनातील त्रुटींपुरती असून संस्थेच्या ग्राहकांशी झालेल्या व्यवहारांच्या वैधतेवर ती भाष्य करत नाही. दंडाची रक्कम छळ झालेल्या कर्जदाराच्या हाती पडत नाही. हे नियम म्हणजे संस्थेने नियामकाशी पाळायचे कर्तव्य आहे. त्यांतून कर्जदाराला स्वतः बजावता येईल असा हक्क थेट निर्माण होत नाही, आणि सारी अंमलबजावणी लंगडी पडते ती याच ठिकाणी.

दाद मागण्याचे दरवाजे

पहिला दरवाजा पोलीस ठाण्याचा. भारतीय न्याय संहितेत फौजदारी धाकदपटशा (कलम 351), खंडणी (कलम 308) आणि आत्महत्येस प्रवृत्त करणे (कलम 108) हे गुन्हे आहेत. पण पैसे घेतल्याचे तक्रारदार स्वतःच कबूल करत असल्याने ‘ही दिवाणी बाब आहे, आपसात मिटवा’ असे सांगून किंवा फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेऊन त्याची बोळवण होते. कर्ज दिवाणी असले तरी धमकी फौजदारीच असते, हा भेद ठाण्यातल्या टेबलावर टिकत नाही. आणि प्रकरण गंभीरपणे घेतले जाते ते बहुधा कोणी जीव दिल्यानंतर.

दुसरा दरवाजा लोकपालाचा. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेने विनाशुल्क तक्रारीची सोय केली आणि मानसिक त्रासासाठी एक लाखापर्यंत भरपाईची तरतूद ठेवली. परंतु तक्रार आधी संस्थेकडेच करायची, तीस दिवस उत्तराची वाट पाहायची आणि मग लेखी कागदपत्रांसह लोकपालाकडे जायचे, हा क्रम चुकीच्या शुल्काच्या तक्रारीला शोभतो. रोज रात्री वाजणाऱ्या फोनसाठी तीस दिवस फार होतात. शिवाय सहकारी पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालीच येत नसल्याने त्यांच्या कर्जदाराला वेळेचे नियमही नाहीत आणि हा लोकपालही नाही.

तिसरा दरवाजा ग्राहक आयोगाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मालाची तपासणी लागत नसेल तर विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे हा कायदा म्हणतो. परंतु आयोगांतील अध्यक्ष-सदस्यांची पदे इतकी रिकामी राहिली की सर्वोच्च न्यायालयाला 2021 मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली; त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सदस्य निवडीचे काही नियम रद्द केले आणि मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम करून निवडीसाठी लेखी परीक्षेचा आग्रह धरला. निवडीचा वाद चालू असताना तारखा मात्र पुढे पुढे जात राहिल्या.

या दारांपर्यंत पोहोचण्याआधीच अनेकांना अडवते ते अज्ञान. पैसे वसूल करण्याच्या दाव्याला 1963 च्या मुदत कायद्यानुसार सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मर्यादा आहे, आणि म्हणूनच ‘निदान पाचशे तरी भरा’ किंवा ‘एवढे लिहून द्या’ असा आग्रह मुदत संपत आली की वाढतो, कारण मुदतीच्या आत दिलेल्या लेखी कबुलीने मुदत नव्याने सुरू होते आणि ती उलटून गेल्यावरही लेखी वचनाने कर्ज पुन्हा जिवंत होऊ शकते. सुप्याच्या काळातील रोखे बदलण्याची वहिवाट ती हीच. कर्जदार मरण पावला तर वारसांची जबाबदारी वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. तरीही वारस नसलेल्या भावालाही फोन जातात. सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे, हप्ता चुकवणाऱ्याला तक्रारीचा अधिकारच उरत नाही ही समजूत, आणि वसुलीवाला तीच पक्की करत असतो.

कर्जदाराला हक्क

यावर नवा, कडक कायदा हवा असे सहज म्हटले जाते. केंद्र सरकारने डिसेंबर 2024 मध्ये परवान्याविना कर्ज देण्यावर बंदी घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा मांडला, त्यातही कठोर कैद आहे. परंतु कैदेची शिक्षा पोलीस तपासावर अवलंबून असते, आणि तपासाचे घोडे कोठे अडते ते वर आलेच आहे. याहून साधा उपाय रिझर्व्ह बँकेच्याच आदेशांत सापडतो. एटीएममधून पैसे न येता खात्यातून रक्कम कापली गेली आणि ती पाच दिवसांत परत जमा झाली नाही, तर 2019 च्या आदेशानुसार दर दिवशी 100 रुपये ग्राहकाला मिळतात. पतमाहितीतील चूक तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर ऑक्टोबर 2023 च्या आदेशानुसार तेवढीच भरपाई आहे. कर्ज फिटल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत केली नाहीत, तर सप्टेंबर 2023 च्या आदेशानुसार दर दिवशी 5,000 रुपये द्यावे लागतात. या तिन्ही ठिकाणी ग्राहकाला आपले नुकसान किती झाले हे सिद्ध करावे लागत नाही. नियम मोडला एवढे पुरे होते.

सायंकाळी सातनंतरचा फोन, नातेवाइकाला पाठवलेला संदेश, ओळखपत्राशिवाय दारात आलेला माणूस या प्रत्येक भंगासाठी अशीच ठरीव भरपाई लावून ती थकबाकीतून वजा करण्याची तरतूद झाली, तर धाकाचा खर्च संस्थेच्या हिशेबाच्या वहीत दिसू लागेल आणि स्वस्त मार्ग स्वस्त उरणार नाही. फोन कोठून व किती वाजता गेला याची नोंद तंत्रज्ञानाने आपोआप राहते, तेव्हा पुरावा सादर करण्याचे ओझे संस्थेवर टाकणेही अवघड नाही. अमेरिकेने 1977 च्या कर्जवसुली कायद्याने त्रयस्थ वसुली एजन्सीवर थेट दावा लावण्याचा आणि प्रत्यक्ष नुकसानीखेरीज हजार डॉलरपर्यंत भरपाई मिळवण्याचा अधिकार कर्जदाराला दिला, आणि 2021 पासून एका कर्जासाठी सात दिवसांत सातपेक्षा अधिक फोन म्हणजे छळ असे तेथे गृहीत धरले जाते.

दुसरी गरज आहे ती कर्जातून सन्मानाने सुटण्याच्या वाटेची. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत ‘नव्याने प्रारंभ’ नावाचे प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न 60 हजारांपर्यंत, मालमत्ता 20 हजारांपर्यंत आणि कर्ज 35 हजारांपर्यंत असलेल्या, स्वतःचे घर नसलेल्या माणसाला त्याखाली कर्जमुक्तीचा अर्ज करता यावा अशी ती योजना. कंपन्यांसाठी ही संहिता 2016 पासून चालते, 2019 पासून कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांसाठीही. सामान्य कर्जदारासाठीचे हे प्रकरण मात्र अमलात आलेले नाही. मोठ्या उद्योगाला बुडीत कर्जातून बाहेर पडण्याची रीतसर प्रक्रिया मिळाली, ती त्याला दया म्हणून नव्हे तर अर्थव्यवस्थेच्या सोयीसाठी. तोच विचार शिवणयंत्रासाठी कर्ज काढणाऱ्या बाईला लागू करण्यास तत्त्वतः कोणतीही अडचण नाही.

1879 च्या कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास तपासण्याची मुभा दिली, कारण कागदावरची सही खरी असली तरी ती कोणत्या परिस्थितीत झाली हे पाहिल्याशिवाय न्याय होत नाही, हे दंग्याने राज्यकर्त्यांना शिकवले होते. आजच्या नियामकाला वसुलीच्या बाबतीत तेवढेच करायचे आहे : हप्ता थकला हे मान्य करूनही तो कसा मागितला गेला हा स्वतंत्र प्रश्न मानायचा, आणि त्या प्रश्नाचे उत्तर मागण्याचा व त्याची किंमत वसूल करण्याचा हक्क परिपत्रकातून काढून कर्जदाराच्या हाती द्यायचा.